ब्रोकरने फसवलं असं वाटतंय? आधी पाहा, पैसा कोणाच्या खात्यात गेला

आपल्या विदर्भात एकरकमी पैसा हाती येण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत. जमीन खाणीत, महामार्गात किंवा रेल्वेत गेली तर मोबदला, गुरुजी रिटायर झाले तर ग्रॅच्युइटी, कापूस-तूर बऱ्या भावात गेली तर चुकारा. या वेळा गावातल्या सगळ्यांना माहीत असतात, आणि पैसा खात्यात पडला की ओळखीतलंच कोणीतरी ओसरीवर येऊन बसतं.

वणी तालुक्यातल्या माझ्या काकाजींकडे आलेला पोरगा शेजारच्याच गावचा होता. "काकाजी, पैसा बँकेत ठेवून काय करता? महिन्याले तीन टक्के पक्के समजा. लॉस झाला तं माहा." पुढे जे झालं त्याचे सगळे कागद मी हाताळले. शेअर ब्रोकर कंपनी, शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचं पोर्टल, पोलीस ठाणं, सगळीकडे. कुठून सुरुवात करायची हे सांगणारं तेव्हा कोणी भेटलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. तक्रार कुठे करायची, हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरतं: तुमचा पैसा नेमका कोणाच्या खात्यात गेला.

१. तोटा झाला की फसवणूक, हे वेगळं करा

बाजारातला तोटा कोणी भरून देत नाही. सेबीच्याच अभ्यासाप्रमाणे २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (भाव पुढे चढेल की पडेल यावरचे सौदे) व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. ऑर्डर तुम्हीच दिली आणि भाव पडला, तर तक्रार टिकणार नाही. तिच्यावर वेळ घालवू नका.

फसवणुकीच्या खुणा वेगळ्या असतात:

– तुम्ही न सांगता खात्यात खरेदी-विक्री होते.
– दरमहा ठरावीक परताव्याची हमी दिली जाते. कोणत्याही नोंदणीकृत ब्रोकरला अशी हमी देता येत नाही.
– कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे झालेल्या सौद्यांची ब्रोकरने दिलेली पावती, येत नाही. नियमाप्रमाणे ती व्यवहारानंतर २४ तासांत यायला हवी.
– हिशेब वहीच्या पानावर किंवा व्हॉट्सअॅपच्या फोटोत मिळतो.
– पैसे मागितले की "मार्केट सुधरू द्या" किंवा "आधी टॅक्स भरा" असं उत्तर येतं.
– खात्याला जोडलेला मोबाइल नंबर किंवा ईमेल तुमचा नसतो.

शेवटची खूण सगळ्यात आधी तपासा. काकाजींच्या केवायसी फॉर्मवर सही त्यांची होती, फोटो त्यांचा होता, आणि मोबाइल नंबर त्या पोराचा. त्यामुळे एक्स्चेंजकडून, म्हणजे शेअर बाजाराकडून, येणारे व्यवहारांचे मेसेज सगळे त्याच्याकडे जात होते. घरात कोणाला काही कळायचा मार्गच नव्हता. खात्याला स्वतःचा किंवा नवरा-बायको, अवलंबून असलेली मुलं, आई-वडील यांचाच नंबर लावता येतो. एजंटचा नंबर लावणं हाच नियमभंग आहे, आणि तो पुढे तुमच्या बाजूचा पुरावा ठरतो.

२. समोरचा माणूस खरोखर कोण आहे ते शोधा

ब्रोकरला सेबीचा नोंदणी क्रमांक असतो, तो 'आयएनझेड' या अक्षरांनी सुरू होतो. सेबीच्या वेबसाइटवर नोंदणीकृत ब्रोकरांची यादी आहे, तिथे नाव आणि क्रमांक दोन्ही जुळवा. नुसतं नाव जुळून भागत नाही. मोठ्या कंपन्यांच्या नावाशी मिळतंजुळतं नाव आणि हुबेहूब लोगो वापरणारी बनावट अॅप्स पुष्कळ आहेत.

तालुक्याच्या ठिकाणी बोर्ड लावून बसलेला माणूस बहुतेक वेळा ब्रोकर नसतो, ब्रोकरचा 'ऑथराइज्ड पर्सन' असतो. लोक अजून त्याला सब-ब्रोकर म्हणतात. त्याची नोंद एनएसई किंवा बीएसईकडे असते आणि त्यांच्या वेबसाइटवर ती सापडते. त्याच्याबद्दल दोन नियम पाठ करून ठेवा. एक, त्याला ग्राहकाचे पैसे किंवा शेअर स्वतःच्या नावावर घेता येत नाहीत. दोन, त्याने केलेल्या आणि न केलेल्या सगळ्या कामांची जबाबदारी ब्रोकर कंपनीवर असते. "तो आमचा माणूस नाही, तुमचं तुम्ही पाहा" असं कंपनीने फोनवर सांगितलं, तर घाबरू नका. त्याची नोंद सापडली की तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

नवीन पैसे भरायचे असतील तर ऑक्टोबर २०२५ पासून एक सोय आली आहे. नोंदणीकृत ब्रोकरच्या यूपीआय आयडीमध्ये 'डॉट बीआरके' आणि पुढे '@व्हॅलिड' व बँकेचं नाव, अशी इंग्रजी अक्षरं असतात, आणि पैसे भरताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याची खूण दिसते. 'सेबी चेक' या सुविधेवर यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक तपासता येतो.

३. पैसा कोणाच्या खात्यात गेला?

बँकेत जा, पासबुक भरून घ्या आणि ज्या तारखांना पैसे गेले त्यांचं पूर्ण स्टेटमेंट मागा. समोरच्या खात्याचं नाव त्यावर असतं. मग खालीलपैकी तुमचं प्रकरण कोणतं ते पाहा.

पैसा नोंदणीकृत ब्रोकर कंपनीच्याच खात्यात गेला, पण व्यवहार तुमच्या परवानगीशिवाय झाले: ब्रोकरकडे लेखी तक्रार, मग स्कोअर्स (सेबीचं तक्रारींचं पोर्टल), मग ओडीआर (वाद ऑनलाइन मिटवण्याची सोय). खालच्या ६ ते ८ पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. पैसे परत मिळण्याची आशा इथे सगळ्यात जास्त.

पैसा ऑथराइज्ड पर्सनच्या स्वतःच्या किंवा त्याच्या बायको-भावाच्या खात्यात गेला: पोलीस तक्रार आणि ब्रोकरकडे तक्रार, दोन्ही. एक केली म्हणून दुसरी सोडू नका.

पैसा अॅपमधून भलत्याच नावांच्या खात्यांत गेला, एकदा कुठल्या ट्रेडर्सच्या, एकदा कुठल्या एंटरप्रायझेसच्या: हा सायबर गुन्हा आहे. हा लेख इथेच ठेवा आणि आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात भराभर सरकतात. ते काढले जाण्याआधी तक्रार नोंदली तरच बँका उरलेली रक्कम रोखून धरू शकतात. पावती क्रमांक लिहून घ्या, नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार पूर्ण करा आणि तिची प्रत घेऊन ठाण्यात जा. रोखलेली रक्कम परत मिळवायला पुढे न्यायालयात अर्ज करावा लागू शकतो, म्हणून हा क्रमांक जपून ठेवा.

पैसा रोखीने दिला, बदल्यात बॉण्ड पेपर किंवा चेक मिळाला: ब्रोकरला ग्राहकाकडून रोख घेताच येत नाही, त्यामुळे हा व्यवहार शेअर बाजाराच्या यंत्रणेत येतच नाही. रस्ता पोलिसांचा. एकाच माणसाने बऱ्याच जणांकडून परताव्याचं आश्वासन देऊन ठेवी घेतल्या असतील तर महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, म्हणजे एमपीआयडी, लागू होऊ शकतो. त्यात आरोपीची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना वाटता येते. वेळ फार लागतो. पण एकेकट्याने जाण्यापेक्षा गावातल्या सगळ्यांनी मिळून गेलात तर ठाण्यात वजन पडतं.

डब्बा ट्रेडिंगही याच गटातलं. तिथे सौदा एक्स्चेंजवर जातच नाही, त्यामुळे कॉन्ट्रॅक्ट नोट नाही आणि एक्स्चेंजचं संरक्षणही नाही.

४. त्याच दिवशी नुकसान थांबवा

तक्रार नंतर लिहिता येईल. आधी हे करा:

– ट्रेडिंग खात्याचा पासवर्ड बदला. ओटीपी कोणालाच सांगू नका, अगदी "कंपनीतून बोलतोय" म्हणणाऱ्यालाही नाही.
– ब्रोकरला ईमेल करून ऑनलाइन ट्रेडिंग खातं फ्रीझ करायला सांगा. ही सोय ब्रोकरांना द्यावीच लागते.
– पॉवर ऑफ अॅटर्नी किंवा डीडीपीआय (तुमचे शेअर हलवायची ब्रोकरला दिलेली लेखी परवानगी) दिली असेल तर लेखी रद्द करा.
– डिमॅटचं (शेअर ठेवायच्या खात्याचं) स्लिपबुक, ज्यातल्या स्लिपवर सही करून शेअर दुसऱ्याला देता येतात, एजंटकडे असेल तर परत घ्या. कोऱ्या स्लिपांवर सह्या केल्या असतील तर त्यांचे नंबर कळवून त्या थांबवायला सांगा.
– मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा लावून घ्या.

एजंटशी भांडायला जाऊ नका. तुम्ही तक्रार करणार हे कळलं की तो ग्रुप डिलीट करतो, मेसेज पुसतो. त्याआधी सगळं जपून ठेवा.

५. कागद गोळा करा

– बँकेचं स्टेटमेंट, शिक्क्यासह.
– खातं उघडताना भरलेला पूर्ण केवायसी फॉर्म. ब्रोकरकडे ईमेलवर प्रत मागा.
– सुरुवातीपासूनचं लेजर (पैशांच्या जमा-खर्चाचा उतारा) आणि सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोट.
– डिमॅटचं स्टेटमेंट थेट डिपॉझिटरीकडून, म्हणजे सीडीएसएल किंवा एनएसडीएलकडून. एजंटने पाठवलेली पीडीएफ धरू नका. तुमचे शेअर खरोखर आहेत की नाहीत हे फक्त डिपॉझिटरीच्या कागदावरून कळतं.
– व्हॉट्सअॅप चॅट एक्स्पोर्ट केलेलं, आणि स्क्रीनशॉट ज्यात समोरचा नंबर व तारीख दिसते.
– फोनचं रेकॉर्डिंग असेल तर मूळ फाइल. तो मोबाइल विकू किंवा रीसेट करू नका.
– पॅन, आधार, पासबुकाच्या झेरॉक्स.

डिपॉझिटरीच्या कागदावर एवढा भर का, ते सांगतो. कार्वी या ब्रोकर कंपनीच्या प्रकरणात, ज्यात सेबीने नोव्हेंबर २०१९ मध्ये आदेश काढला, ग्राहकांनी दिलेल्या पॉवर ऑफ अॅटर्नीचा गैरवापर करून त्यांचे शेअर गहाण ठेवले गेले होते. ब्रोकरच्या स्क्रीनवर दिसणारा आकडा आणि डिमॅटमधला साठा वेगळा असू शकतो, हे तेव्हा देशाने पाहिलं.

कागद जमले की एक वही घ्या आणि तारीखवार तक्ता करा: तारीख, किती पैसे दिले, कोणाच्या खात्यात, कोणता व्यवहार झाला, त्या वेळी तुम्ही कुठे होता. शेवटचा रकाना सोडू नका. काकाजींच्या खात्यात एका गुरुवारी सकाळपासून ऑप्शन्सचे सौदे एकामागून एक झाले होते. कॉन्ट्रॅक्ट नोटवर प्रत्येक सौद्याची वेळ छापलेली असते. त्या दिवशी काकाजी कापसाची गाडी घेऊन वणीच्या बाजार समितीत रांगेत होते. काट्याची पावती काकूंनी पितळी डब्यात जपून ठेवली होती, तिच्यावर तारीख आणि वजनाची वेळ दोन्ही होत्या. साध्या की-पॅडच्या फोनवर काट्यासमोर उभा असलेला माणूस मिनिटा-मिनिटाला ऑप्शन कसे घेईल-विकेल, या प्रश्नाला कंपनीकडे उत्तर नव्हतं. दवाखान्याची चिठ्ठी, एसटीचं तिकीट, मजुरीची हजेरी, काहीही चालतं. बाजार सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन चालतो, त्या वेळेतला पुरावा शोधा.

६. ब्रोकर कंपनीला लेखी तक्रार

स्थानिक ऑफिसात तोंडी सांगितलेलं सांगितल्यासारखं धरलं जात नाही. कंपनीच्या वेबसाइटवर तक्रारीसाठी वेगळा ईमेल आणि कम्प्लायन्स ऑफिसरचं (नियम पाळले जातात की नाही हे पाहणाऱ्या अधिकाऱ्याचं) नाव द्यावं लागतं, त्यावर पाठवा. सोबत एक प्रत स्पीड पोस्टाने मुख्य कार्यालयाला.

तक्रार एका पानात बसवा. मराठीतून लिहिली तरी आकडे आणि तारखा चोख हव्यात. शेवटी ही मागणी नक्की लिहा:

"वरील सर्व व्यवहारांच्या ऑर्डर मी दिल्याचा पुरावा, म्हणजे माझ्या सहीची नोंद, फोनचं रेकॉर्डिंग, ईमेल, मेसेज किंवा लॉगिनची नोंद आयपी पत्त्यासह, मला द्यावा."

या एका वाक्यात तुमचं अर्धं काम आहे. ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा ठेवूनच सौदा करावा, आणि वाद झाला तर तो पुरावा हजर करण्याची जबाबदारी ब्रोकरची, असं सेबीच्या मार्च २०१८ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. "मी ऑर्डर दिली नाही" हे तुम्ही सिद्ध करत बसायचं नाही. दिली होती, हे कंपनीने दाखवायचं.

तीन ठिकाणी लोकांची प्रकरणं कमजोर पडतात. मेसेज स्वतःच्या फोनवर येत होते आणि कित्येक महिने कोणी हरकत घेतली नाही. मग कंपनी म्हणते, तुमची संमती होती. पासवर्ड स्वतःहून एजंटला दिला. मग कंपनी म्हणते, लॉगिन तुमचंच आहे. आणि तिसरं, "हिशेब पूर्ण झाला, तक्रार नाही" अशा कागदावर थोडे पैसे घेऊन सही केली. असा कागद समोर आला तर सही करू नका, घरी घेऊन या, कोणालातरी वाचून दाखवा. पहिल्या दोन गोष्टी घडल्या असतील तरी तक्रार सोडू नका. फक्त त्या लपवू नका, कारण कंपनीकडे त्यांची नोंद असतेच.

७. स्कोअर्सवर तक्रार

कंपनीने दाद दिली नाही तर सेबीचं स्कोअर्स पोर्टल. घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते, ही मुदत विसरू नका. पॅन वापरून नोंदणी होते. गावात नेट धड चालत नसेल तर सेतू केंद्रावर जा, पण मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच टाका. केंद्रवाल्याचा नंबर टाकला तर उत्तरं त्याच्याकडे जातील.

कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर पटलं नाही तर १५ दिवसांत पोर्टलवरच फेरतपासणी मागता येते. ही १५ दिवसांची खिडकी बऱ्याच जणांची हुकते, कारण पेरणीच्या किंवा वेचणीच्या दिवसांत ईमेल कोण पाहतं? घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला रोज ईमेल पाहायचं काम द्या.

अडलात तर सेबीची टोल फ्री हेल्पलाइन आहे: १८०० २२ ७५७५ आणि १८०० २६६ ७५७५. मराठीतही बोलता येतं.

८. स्मार्ट ओडीआर

ब्रोकर आणि ग्राहक यांच्यातले वाद ऑनलाइन मिटवण्यासाठी २०२३ मध्ये हे पोर्टल सुरू झालं. स्कोअर्सवर तक्रार चालू असताना किंवा तेच प्रकरण कोर्टात असताना इथे येता येत नाही, म्हणून क्रम पाळा.

आधी समेट. एक तटस्थ मध्यस्थ दोघांचं व्हिडिओवर ऐकतो. साधारण २१ दिवसांचं काम, आणि गुंतवणूकदाराला याची फी नाही. समेट झाला नाही तर लवाद. त्याची फी रकमेप्रमाणे असते. एक लाखापर्यंतच्या दाव्याचा निकाल बहुधा कागदांवरच लागतो, म्हणून पाचव्या पायरीतली वही इथे कामी येते.

आमच्या घरी काकाजींना मोबाइलसमोर बसवलं तेव्हा ते बावचळले होते. त्यांना एवढंच सांगितलं की जे घडलं ते आपल्या बोलीत सांगा, आकडे मी सांगतो. मध्यस्थांनी काट्याची पावती दोनदा कॅमेऱ्यासमोर धरायला लावली. समेटात कंपनीने त्या सौद्यांवर घेतलेलं सगळं ब्रोकरेज आणि तोट्याचा मोठा हिस्सा परत केला. पूर्ण रक्कम आली नाही. किती रकमेवर समेट करायचा हा आकडा घरच्यांनी बसून आधीच ठरवा, ऐनवेळी नाही.

९. पोलीस ठाण्यात

फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, विश्वासघाताला कलम ३१६. "हे सिव्हिल मॅटर आहे" किंवा "आमच्या हद्दीत नाही" असं उत्तर मिळू शकतं. हद्दीचं कारण चालत नाही, कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. ठाणेदारांनी नोंद घेतली नाही तर तीच तक्रार लेखी स्वरूपात जिल्हा पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपा. तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. रक्कम मोठी असेल किंवा फसलेले बरेच असतील तर आर्थिक गुन्हे शाखेकडे प्रकरण द्यावं अशी मागणी अधीक्षकांच्या अर्जातच लिहा.

१०. ब्रोकरच बुडाला तर

एक्स्चेंजने ब्रोकरला डिफॉल्टर जाहीर केलं की ग्राहकांकडून दावे मागवले जातात, त्यासाठी जाहीर सूचना निघते आणि मुदत दिली जाते. गुंतवणूकदार संरक्षण निधीतून ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई मिळते. पण हमीच्या परताव्यावर दिलेले पैसे या निधीत बसत नाहीत. "तीन टक्के पक्के" हा शब्द ज्या व्यवहारात आला, तिथे या निधीचं संरक्षण सुटलं असं समजा.

११. वसुली करून देतो म्हणणारे

तक्रार केल्यावर काही दिवसांत फोन येतो: "आम्ही सेबीकडून बोलतोय, तुमची रक्कम मंजूर झाली, प्रोसेसिंग फी भरा." ही दुसरी फसवणूक आहे, आणि एकदा फसलेल्या माणसांच्या याद्या विकत घेऊन ती केली जाते. सेबी, पोलीस किंवा न्यायालय फोन करून यूपीआयवर फी मागत नाही. टक्केवारीवर वसुली करून देणारे 'एजंट' तालुक्यातही भेटतील, त्यांना मूळ कागद देऊ नका.

वकील हवा असेल आणि परवडत नसेल तर तालुका न्यायालयाच्या इमारतीत विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. फोन करायचा तर १५१०० वर करा. जाताना तारखांची वही, बँकेचं स्टेटमेंट आणि स्कोअर्सची पोच सोबत न्या, मूळ कागद स्वतःकडे ठेवून झेरॉक्स द्या, आणि अर्जावर शिक्का मारून घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.